खड्डा खणण्याआधी माती बघा

या महिन्यात सातारा-सांगलीकडून आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली. उपाय चांगला आहे, मनापासून केला आहे, पण तो दुसऱ्या गावाच्या मातीवर आणि पावसावर बेतलेला आहे. कृष्णाकाठची काळी जमीन आणि आटपाडी-जतचा मुरूम एकाच जिल्ह्यात आहेत, पण त्यांना एकच नकाशा चालत नाही. म्हणून बहुतेक उत्तरांत आधी मोजायला सांगितले आहे.

प्रश्न : आम्ही मिरजेजवळ राहतो. मोरीच्या आणि स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी तीन फूट लांब-रुंद आणि तीन फूट खोल शोषखड्डा केला. दगड-विटा भरल्या. पहिले दोन महिने बरा चालला, आता वरून पाणी वाहते. डास झालेत, शेजारी तक्रार करतात. खड्डा मोठा करावा का?

मोठा करू नका. अडचण आकाराची नाही, मातीची आहे. खोल काळ्या मातीतली चिकणमाती ओली झाली की फुगते आणि स्वतःच्याच भेगा बुजवते. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन पाणी घटाघटा पिताना दिसते, म्हणून सुरुवातीला खड्डा चालल्यासारखा वाटतो. कायम ओल राहिली की तीच जमीन पाणी धरून बसते. त्यात भांड्यांचे तेल आणि साबणाचा साका दगडांवर बसला की उरलीसुरली वाटही बंद होते.

खात्री करायची असेल तर एक फूट रुंद, तीन फूट खोल भोक खणा. रात्रभर पाण्याने भरून ठेवा. सकाळी तळाशी सहा इंच पाणी ठेवून तासाभरात पातळी किती उतरते ते पट्टीने मोजा. एक इंचही उतरत नसेल तर तिथे शोषखड्डा कधीच चालणार नाही. हीच चाचणी विट्याच्या किंवा दहिवडीच्या मुरमाड जागेत केली तर पाणी भराभर उतरेल. तिथे तुमचाच खड्डा अनेक वर्षे टिकेल.

तुमच्याकडे झाडांचा वाफा करा. चार माणसांच्या घरातून रोज साधारण ३०० लिटर सांडपाणी येते असे धरू. एक मीटर रुंद, चार मीटर लांब, ६० सें.मी. खोल चर खणा. तळाला टोकाकडे किंचित उतार द्या आणि आत जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर मोठे दगड आणि मध्ये १० ते २० मि.मी.ची धुतलेली खडी भरा. खडीत कर्दळ लावा, फूटभर अंतराने. दगडांमधल्या पोकळीचा हिशेब केला तर पाणी या चरात तीन दिवसांच्या आसपास रेंगाळते. तेवढ्या वेळात मुळे आणि खडीवरचे जिवाणू बरेचसे काम करतात. बाहेर पडणारे पाणी केळीच्या आळ्यात सोडा.

दोन गोष्टी चुकवू नका. चराआधी दीड फुटांची तेलटाकी हवी. पाणी टाकीच्या मधल्या थरातून बाहेर पडेल असा टी-आकाराचा पाईपजोड बसवा आणि वर साचलेली साय दर पंधरा दिवसांनी काढा. ही टाकी टाळली की सहा महिन्यांत खडी चिकट होते. दुसरे, बाहेर जाणारी नळी अशी बसवा की पाण्याची पातळी खडीच्या दोन इंच खालीच राहील. उघडे पाणी नसले की डास अंडी घालू शकत नाहीत.

धुण्याच्या पावडरीत सोडियम भरपूर असते आणि काळ्या मातीला ते सगळ्यात वाईट. मातीचे कण सुटे होतात, जमीन दगडासारखी घट्ट बनते. म्हणून कपड्यांचे पाणी एकाच झाडाला वर्षानुवर्षे देऊ नका, आळी बदलत राहा. कच्च्या खायच्या भाज्यांना तर हे पाणी नकोच.

प्रश्न : विश्रामबाग, सांगली येथे तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. गॅलरीत बादलीत ओला कचरा कुजवायला ठेवला. आठ दिवसांत असह्य वास आणि अळ्या. घरचे म्हणतात बंद कर. आमचे काय चुकले?

कोरडे, म्हणजे वाळलेला पाला-भुसा, कमी पडले, एवढेच. बंद करू नका. भाजीच्या देठांत, फळांच्या सालीत आणि उरलेल्या भातात पाणी फार असते. हवा शिरायला जागा उरली नाही की कुजणे थांबते आणि सडणे सुरू होते. एक वाटी ओल्या कचऱ्याला दीड ते दोन वाट्या कोरडे लागते, आणि तेही चुरलेले. अख्खी पाने एकावर एक बसतात, त्यांच्यातून हवा जात नाही.

वासावरून दोष ओळखता येतो. सडलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त, हवा नाही. ढवळा आणि कोरडे घाला. गोठ्यातल्या मुतासारखा झोंबणारा वास म्हणजे नत्र जास्त, तेव्हा नुसते कोरडेच घाला आणि दोन दिवस ओले थांबवा. मुंग्या झाल्या तर उलट, ढीग सुकला आहे, थोडे पाणी शिंपडा. मूठभर माल घट्ट पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब सुटावा, धार लागू नये. जाड, करड्या रंगाच्या अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट कचरा झपाट्याने संपवतात. तरीही नको असतील तर प्रत्येक वेळी वर दोन इंच कोरड्याचा थर द्या. माशीला ओले दिसले नाही की ती तिथे अंडी घालत नाही.

बादली एकच असणे ही दुसरी चूक. साठ लिटरचे दोन ड्रम घ्या. चारही बाजूंना आणि तळाला ८ ते १० मि.मी.ची भोके पाडा, ड्रम विटांवर ठेवा, खाली ताट. तळाला नारळाच्या शेंड्यांचा चार इंच थर घाला. विरजण म्हणून तयार खताची दोन ओंजळी किंवा आंबट ताक पुरते. चार माणसांच्या घरी पहिला ड्रम भरायला सव्वा ते दीड महिना लागतो, कारण आतला माल सतत बसत जातो. मग तो बाजूला ठेवून दुसरा सुरू करा. पहिला चार-पाच दिवसांनी एकदा ढवळत राहा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातले खत काळे, भुसभुशीत आणि पावसाच्या पहिल्या सरीसारख्या वासाचे झालेले असते.

कोरडे कुठून आणायचे? सांगलीत हा प्रश्न पडायला नको. शेतावरचे उसाचे पाचट (वाळलेली पाने) कोयत्याने बारीक करून आणा. हळद काढणीनंतरचा वाळलेला पाला उत्तम. बगॅस (उसाचा चोथा) चालतो, पण ताजा नको, त्यातल्या साखरेवर मुंग्या येतात. सुतारकामाचा भुसा घेताना प्लायवूडचा टाळा, त्यात डिंक आणि रसायने असतात. खरी अडचण जून ते सप्टेंबरमध्ये येते. तेव्हा सगळे ओलेच मिळते आणि सगळ्यांचे ड्रम त्याच दिवसांत नासतात. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत चुरलेल्या पाल्याची तीन-चार पोती भरून कोरड्या जागी ठेवा. हाडे, तळणीचे तेल, करवंट्या आत घालू नका. लिंबाची साले थोडी चालतात.

प्रश्न : आटपाडी तालुक्यात आमचे ९०० चौरस फुटांचे स्लॅबचे घर आहे. दर उन्हाळ्यात टँकर. छपराचे पाणी साठवायचे म्हणतो. ठेकेदार २५,००० लिटरची टाकी सांगतो. खर्च झेपत नाही. काय करावे?

तेवढी टाकी लागत नाही. हिशेब स्वतः मांडून बघा.

९०० चौरस फूट म्हणजे सुमारे ८४ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मि.मी. पाऊस म्हणजे एक लिटर. काही पाणी उडते, काही छपरात मुरते, म्हणून ८० टक्के हाती येते असे धरा. वर्षाचा पाऊस ४०० मि.मी. धरला तरी साधारण २६,००० ते २७,००० लिटर मिळतात. ठेकेदाराने हाच आकडा टाकीला लावला आहे. पण टाकी पडणाऱ्या पाण्यावरून नाही, लागणाऱ्या पाण्यावरून ठरवायची. पिणे आणि स्वयंपाक एवढ्यासाठी माणशी सहा लिटर, पाच माणसांना ३० लिटर रोज. कोरडे आठ महिने म्हणजे २४० दिवस. गरज ७,२०० लिटरची. आतून दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर खोल टाकीत ८,००० लिटर मावतात. ती भरायला तुमच्या छपरावर एकूण १२० मि.मी. पाऊस पुरे. तुमच्याकडचा भरवशाचा पाऊस सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो. तेव्हा टाकीचे काम आणि छपराची सफाई त्याआधी झालेली हवी, जूनमध्ये कोरडे गेले म्हणून काम सोडू नका.

छपरावर ११० मि.मी.चे दोन उतरते पाईप द्या. एकच दिला तर जोराच्या सरीत पाणी कठड्यावरून ओसंडते आणि वर्षातला सगळ्यात मोठा पाऊसच हातचा जातो. पहिल्या पावसाचे पाणी टाकीत घेऊ नका, त्यात धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. पहिले दोन मि.मी. सोडायचे तर तुमच्या छपराला सुमारे १७० लिटर सोडावे लागतात. बाजारात मिळणारा सहा इंची पाईपचा जोड मीटरला जेमतेम १८ लिटर धरतो, तो इथे अपुरा. त्यापेक्षा २०० लिटरचा जुना, स्वच्छ ड्रम वाटेत बसवा. तो भरला की पुढचे पाणी आपोआप गाळणीकडे वळेल. ड्रमच्या तळाला ठिबकचा एक ड्रिपर लावा, म्हणजे दोन पावसांच्या मध्ये तो आपला आपण रिकामा होतो. हा ड्रिपर बहुतेक जण विसरतात. मग भरलेला ड्रम तसाच उभा राहतो आणि पुढच्या सरीची घाण थेट टाकीत जाते.

गाळणीत खाली ४० मि.मी.चे गोटे, वर बारीक खडी, त्यावर नायलॉनची जाळी आणि सर्वांत वर धुतलेली जाड वाळू. दरवर्षी मे महिन्यात वाळू काढून धुवा. टाकीत उजेड शिरता कामा नये, नाहीतर शेवाळ येते. हवेच्या नळीला आणि ओसंडणाऱ्या पाईपला बारीक जाळी लावा. पिण्याआधी १,००० लिटरला पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून वरचे नितळ पाणी टाका आणि किमान अर्धा तास थांबा. उघडी राहिलेली पावडर जोर गमावते, म्हणून लहान पाकिटे घ्या.

उरलेले १८,००० लिटर बोअरला द्या. बोअरभोवती दीड मीटर लांब-रुंद, दोन मीटर खोल खड्डा खणा. खड्ड्यातल्या केसिंगच्या (बोअरच्या नळीच्या) खालच्या भागाला बारीक भोके पाडून त्यावर नायलॉन जाळीचे दोन-तीन वेढे घट्ट बांधा. मग खाली मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर वाळू. न गाळलेले पाणी केसिंगच्या तोंडातून सरळ आत सोडणारे लोक आम्ही सांगूनही थांबत नाहीत. त्या गाळाने खडकातल्या भेगा बुजतात आणि चालू बोअर मरतो. शौचालयाची टाकी जवळ असेल तर हे काम करूच नका, निदान १५ मीटर अंतर हवे.

प्रश्न : वाळवा तालुक्यात तीन एकर ऊस. तोडणीनंतर सगळेच पाचट पेटवतात. ठेवले तर उंदीर-साप होतात, खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणारा ऊस) पिवळा पडतो असे म्हणतात. खरे आहे का?

खोडवा पिवळा पडतो हे खरे आहे, पण दोष पाचटाचा नाही. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. ते कुजवणारे जिवाणू लागणारे नत्र जमिनीतून ओढतात, आणि कोवळ्या फुटव्यांना ते काही आठवडे कमी पडते. ती उणीव आपण आधीच भरून काढायची.

एकरी तीन ते चार टन पाचट निघते. त्यात साधारण १५ किलो नत्र आणि ३० किलोंच्या वर पालाश असते. पेटवले की नत्र जवळजवळ सगळे हवेत जाते, वरच्या थरातले जिवाणू होरपळतात आणि जमीन उघडी पडते. ऊस तुटला की पाचट सरीत पसरून दाबा. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा, म्हणजे फुटवे जमिनीखालून जोमाने येतात. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट पाचटावर फेका. पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन चार किलो, कुजलेल्या शेणखतात मिसळून टाका. मग पाणी द्या. पाणी न देता युरिया तसाच वर राहिला तर तो हवेत उडतो, आणि लोक म्हणतात जिवाणू चालले नाहीत.

खोडव्याची खते पाचटावर विस्कटू नका. पहारीने बेटापासून चार ते सहा इंचांवर सहा ते आठ इंच खोल भोक घ्या, त्यात खत घालून बुजवा, दोन भोकांत एक फूट अंतर. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने खोडव्यासाठी हीच पद्धत दिली आहे : पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी.

उंदीर ढिगात राहतात, सरीत दाबलेल्या ओल्या थरात फारसे नाहीत. तेव्हा बांधावर ढीग लावू नका. शेजारी पेटवत असेल तर त्या बाजूची दहा फुटांची पट्टी मोकळी आणि ओली ठेवा. ज्या तुकड्यात पाणी साचते, पांढरी क्षाराची पुटे दिसतात, तिथे मात्र आधी निचऱ्याचे बघा. तिथल्या ओलीत पाचट कुजत नाही, आंबते, आणि मुळे काळी पडतात.

प्रश्न : कराडमध्ये छतावर ३ किलोवॅटचे सोलर बसवले. लाईट गेली की घरातही अंधार. शिवाय डिसेंबरपासून युनिट कमी पडतात. फसवणूक झाली का?

पहिल्या गोष्टीत नाही. नेट मीटरवर चालणारा साधा इन्व्हर्टर लाइन बंद झाली की स्वतःही बंद होतो. तो चालू राहिला असता तर तुमची वीज खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगात गेली असती. अंधार नको असेल तर दिवे-पंख्यांपुरता छोटा बॅटरी इन्व्हर्टर वेगळा ठेवा. सगळी यंत्रणा हायब्रीड, म्हणजे बॅटरीसह, करणे महाग पडते आणि कराडमध्ये बहुतेकांना त्याची गरज नसते. बसवणाऱ्याने हे आधी सांगायला हवे होते, एवढी तुमची तक्रार रास्त आहे.

युनिट कमी पडण्याचे पहिले कारण हवेत आहे. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या चिमणीची काळी राख पॅनेलवर बसते, दव पडले की चिकटते. ऑक्टोबर ते मार्च दर दहा दिवसांनी धुवा, ऊन चढण्याआधी, मऊ कापडाने. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा डाग राहतो, शेवटचा हात साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा द्या. मग सावली तपासा. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे झुकतो आणि उन्हाळ्यात न अडणारी नारळाची झावळी किंवा पाण्याची टाकी आता आडवी येते. एका पॅनेलवर सावली पडली तरी ओळीने जोडलेल्या बाकीच्यांची वीज घटते. एक किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देते. ढग नसलेल्या दिवशी, धुतल्यानंतरही तुमचे बारा युनिटच्या फार खाली असतील तर बसवणाऱ्याला बोलवा.

नवे बसवणाऱ्यांसाठी : २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा अधिकला ७८,००० रुपये केंद्राचे अनुदान ठरले. त्यासाठी पॅनेल देशी बनावटीचे लागतात. आधी बिलावरचे बारा महिन्यांचे युनिट बघा. महिन्याला २०० युनिट लागत असतील तर २ किलोवॅट पुरते.

प्रश्न : खटाव तालुका. दोन घनमीटरचा गोबर गॅस, तीन जनावरे. थंडीत चहापुरताही गॅस नाही.

दोन घनमीटरला रोज ५० किलो शेण लागते. तीन गाईंचे ३० किलोच्या आसपास होते. म्हणजे एरवीही तुम्हाला दहा आणेच गॅस मिळत होता, थंडीने तोही घटला. शेण आणि पाणी समान घ्या, पाणी उन्हात तापवून दुपारी कालवा. घुमटावर कडबा किंवा पाचटाचा जाड थर द्या. गोठा फिनेलने धुतलेले पाणी आत जाऊ देऊ नका, जिवाणू मरतात. ज्योत फडफडत असेल तर नळीत पाणी साचले आहे, सखल जागी तोटी काढून ते सोडा. स्वयंपाकघरातले शिळे अन्न घालून भर काढता येते, पण रोज एक-दोन किलोच. एकदम पातेलेभर घातले तर आतला रस आंबतो आणि महिनाभर गॅस बंद.

प्रश्न : मी फलटणला नववीत आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन म्हटले आहे. आमच्या घरापासून सुरुवात कशी मोजू?

प्रश्न चांगला आहे, कारण तू "मोजू" म्हणतेस. तीन वह्या नकोत, एक पान पुरे. विजेचे युनिट गुणिले ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो. पेट्रोलचे लिटर गुणिले २.३ किलो. महिन्याला १०० युनिट, एक सिलिंडर आणि २० लिटर पेट्रोल लागत असेल तर ७०, ४२ आणि ४६, म्हणजे १५८ किलो कार्बन डायऑक्साइड. जो आकडा सगळ्यात मोठा, तिथे आधी हात घाल. गॅससाठी आईबाबांना विचारून हे करून बघ : डाळ तासभर भिजवायची, कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक, आणि भात अर्धा शिजला की पातेले झाकून गोधडीत किंवा गवताने भरलेल्या पेटीत तासभर ठेवायचे. उरलेला भात आतल्या उष्णतेवर शिजतो. सिलिंडर लावल्याची तारीख त्याच्यावर खडूने लिही, संपल्याची वहीत. मीटरचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी एकाच वेळी घे, म्हणजे दोन महिन्यांची तुलना खरी होईल. उन्हाळ्याची तुलना हिवाळ्याशी नको, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याशी कर. जुनी बिले घरात असतीलच.